चपला काढून आलेली पावलं

"तारंवर सगळं सोडून बसू नको गं पोरी. ती कट्ट्यापतुर ऐकती. आतलं आपलं आपणच बघायला लागतंय."

समोरच्या गिरणीच्या मालनकाकूंनी हे सांगितलं तेव्हा केतकी नुसती हसली होती. एका हातात पिठाचा गरम डबा, कडेवर रुंजी, आणि गिरणीची घरघर इतकी की निम्मं बोलणं ओठांवरूनच ओळखायचं. "हो काकू, बघते हं," म्हणून ती कट्ट्यावरूनच वळली आणि रस्ता ओलांडून आपल्या घरात आली. साडीवरचं पीठ झटकावं तसं ते बोलणं तिनं झटकून टाकलं. नवीन काही आलं की जुन्या माणसांना धास्ती वाटतेच, असं तिनं मनाशी ठरवलं. शिवाय तारेबद्दल कुणी वाकडं बोललेलं तिला खपायचं नाही. कारण उघड होतं. तारेनं तिला वाचवलं होतं.

केतकी मूळची नाशिकची, भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेली. सुजयशी लग्न करून मिरजेला, हळदे गल्लीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. बाळंतपणाला माहेरी गेली, तिथं आईनं आणि मावशीनं तिला तळहातावर झेललं. मग रुंजीला घेऊन परतली. सुजय सकाळी कुपवाडच्या कारखान्यात जायचा तो दिवेलागणीला यायचा. मधला सगळा दिवस ती आणि बाळ. रुंजी रडायची, ही तिला खांद्यावर टाकून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायची. रुंजी झोपली तरी हिचं फिरणं थांबायचं नाही. बाळाचा श्वास चालू आहे ना म्हणून सारखं नाकाशी बोट धरून बघायचं. जेवण राहून जायचं. आईचा फोन आला की "मस्त चाललंय" म्हणायचं. मस्त काही चाललेलं नव्हतं. एका दुपारी रुंजीचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून ती न्हाणीघरात नळ सोडून बसली आणि आता आपल्याला उठावंसंच वाटत नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. आरोग्यकेंद्राच्या नसीमाताई. चपला काढून सरळ आत आल्या आणि त्यांनी रुंजीला उचललं.

"तुम्ही बोलावलं नाही, माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पण तारेनं बोलावलं. चहा तुम्ही टाकता, की मीच टाकू?"

केतकी जी रडायला लागली ती चहा उतू जाईपर्यंत रडत होती.

*

तार म्हणजे काय, ते सन्मती चौगुलेनं पुढं एकदा आरोग्यकेंद्रातल्या सभेत समजावून सांगितलं. तारेचं काम बघणारा हा तरुण अभियंता, शेजारच्याच गावचा. बोलताना हात असे हलवायचा की समोरच्याला ती तार दिसावी.

इंटरनेटसाठी गल्लोगल्ली रस्त्याखाली केसासारखी बारीक काचेची तार पुरलेली असतेच. तिच्या एका टोकातून लेझरचा अगदी निमिषभराचा झोत आत सोडायचा. काच कितीही शुद्ध म्हटली तरी तिच्यात नजरेला न दिसणारे बारीक दोष असतात. प्रत्येक दोष थोडासा उजेड मागं परतवतो. वर जमिनीवर पाऊल पडलं की तार तेवढ्या जागी ताणली जाते, किती, तर केसाच्या जाडीचे लाख भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाइतकी. पण तेवढ्यानंही परत येणारा उजेड बदलतो. तो बदल वाचला की कळतं, अमक्या घरापुढं किंवा घरात, अमक्या ढंगाचं पाऊल पडलं.

"म्हणजे आख्ख्या गावाखाली एक कान पसरलाय," सन्मती म्हणाला. "बोलणं त्याला कळत नाही, आणि कळू द्यायचंही नाही असा कायदा आहे. नावं कळत नाहीत. फक्त पावलं."

आधी सगळ्यांना वाटलं होतं, चालण्यावरून आजार ओळखता येतील. कुणाचा गुडघा गेलाय, कुणाच्या पायाला कंप सुटलाय. ते जमलंच. पण संशोधकांना खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीनं. माणूस पुढं आजारी पडणार का, हे त्याच्या स्वतःच्या पावलांपेक्षा त्याच्या दारी येणाऱ्या इतरांच्या पावलांवरून जास्त नेमकं सांगता येत होतं. साखर, रक्तदाब, वजन, सगळ्या तपासण्या एकीकडं आणि हे एकीकडं. दारातला राबता आटला की पाठोपाठ घरातलं माणूस खचायचं. राबता हे कारण आहे की नुसती खूण, यावर शास्त्रज्ञ अजून भांडत होते. सरकारनं मात्र वाट बघितली नाही. पूर्वी आरोग्याचा पैसा माणूस खाटेवर पडल्यावर दवाखान्याकडं जायचा. आता तो आधीच गल्लीकडं येऊ लागला. नकाशावर प्रत्येक दार म्हणजे एक दिवा. राबता असेल तर दिवा उजळ. दिवा मंदावला की केंद्रातून सोबतीण यायची, सरकारी पगारावर, गप्पा मारायला, भाजी निवडायला, औषधं घेतलीत का विचारायला. ज्या गल्लीतले दिवे उजळ, तिला निधीतला वाटा स्वतःच्या मनानं खर्च करायची मुभा.

केतकी ऐकत होती आणि तिच्या अंगावर काटा येत होता. प्रकाशाचं विकिरण ती कॉलेजात शिकली होती, परीक्षेपुरतं पाठ करून विसरूनही गेली होती. तोच उजेड जमिनीखालून तिची पावलं मोजत होता, आणि दारी न आलेली इतरांचीही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. जे तिनं आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, ते काचेच्या एका धाग्याला कळलं होतं, आणि त्यानं माणूस धाडलं होतं. घरी येताना ती रस्त्यावर हलकेच पाय टाकत होती. देवळाच्या गाभाऱ्यात टाकतात तसे.

*

हळदे गल्लीत सगळ्यात उजळ दिवा मालनकाकूंच्या गिरणीचा. फोनवर नकाशा उघडला की तो आधी दिसायचा, जत्रेतल्या पेट्रोमॅक्ससारखा.

"आपल्या गल्लीची शान आहे ती!" मगदूम अण्णा म्हणायचे. अण्णा गल्लीच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर. सकाळी गिरणीच्या कट्ट्यावर बसून पेपर वाचायचा हा त्यांचा नेम. गल्लीच्या निधीतून त्यांनी बाकं बसवली होती, थंड पाण्याची टाकी आणली होती. "तपासायला लोक येतात लांबून. एवढा राबता कुठल्या दाराला नाही म्हणतात."

राबता होताच. गल्लीतली आणि मागच्या दोन गल्ल्यांतली दळणं तिथंच यायची. पण इथली रीत अशी, की दळणासाठी कुणी थांबत नसे. डबा कट्ट्यावर रांगेत ठेवायचा आणि निघून जायचं. आपला नंबर आपला डबा धरतो. काकू एकेक डबा आत नेणार, दळून बाहेर ठेवणार. येणारा पीठ उचलून चालता होणार. कट्ट्यावर येणं-जाणं अखंड, उंबऱ्याच्या आत मात्र कुणी पाऊल टाकत नव्हतं. कुणाला ते खटकतही नव्हतं. खूप वर्षांपूर्वी काकूंचे यजमान क्षयानं गेले, तेव्हापासूनची ही सवय. आता तर निम्म्या गल्लीला कारणही आठवत नव्हतं. फक्त आत जायचं नाही, एवढं पायांना ठाऊक होतं.

केतकीला मात्र कारण समोरच दिसायचं. काकू खोकायच्या. पहिल्यांदा तिनं फोनवर हे आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "बाळ लहान आहे, केतकी. कट्ट्यावरूनच घे पीठ. आणि तोंडाला पदर लाव." एकदा काकूंनी रुंजीला घ्यायला हात पुढं केले. केतकी मागं सरकली. सरकायचं असं तिनं ठरवलं नव्हतं, पाय आपोआप सरकले. काकूंनी दोन्ही हात पदराला पुसले. "ऱ्हाऊ दे, पिठाचं हात हायत," त्या म्हणाल्या, आणि पुढचा डबा घेऊन आत गेल्या.

गंमत अशी, की रुंजीला झोपवायच्या त्याच. समोर गिरणी सुरू झाली, ती भरल्या पोटाची जाडसर घरघर भिंतीतून आली, की रुंजीचे डोळे मिटायचे. केतकीनं पाळणागीतं गाऊन बघितली, फोनवर पावसाचे आवाज लावून बघितले. छे. गिरणीच हवी. रविवारी गिरणी बंद असली की दोघी मायलेकी दिवसभर जाग्या.

*

त्या दिवशी सकाळची दळणं नेहमीसारखी लागली होती. रुंजी झोपली. केतकीनं कणीक मळायला घेतली आणि रुंजी दचकून उठली, किंचाळली.

केतकीनं तिला छातीशी घेतलं. गिरणी तर चालू होती. पण आवाज वेगळा होता. कोरडा, कर्कश, दगडावर दगड घासल्यासारखा. दाणे संपले की असा आवाज एखादा क्षण यायचा, मग काकू पुढचं दळण ओतायच्या आणि घरघर पुन्हा जाड व्हायची. आज तो क्षण संपेना. रुंजी रडत राहिली. आवाज तसाच.

केतकी खिडकीशी आली. कट्ट्यावर डब्यांची रांग पायरीपर्यंत आली होती. एक शाळकरी मुलगी डबा ठेवून गेली. तिच्यामागं एक बाई. अण्णा बाकावर पेपर वाचत होते. तिनं फोन काढून नकाशा बघितला. काकूंचा दिवा नेहमीपेक्षाही लख्ख. इतक्या लोकांची ये-जा, इतकी पावलं. तार सांगत होती, सगळं ठीक आहे.

ज्या तारेनं मला वाचवलं ती काकूंच्या बाबतीत चुकेल? केतकीनं स्वतःला समजावलं. विद्युतमंडळाची काही भानगड असेल. मी जाऊन काय करणार? खोकला आहे त्यांना. बाळ आहे माझ्याजवळ. आई काय म्हणाली होती? पण रुंजी थांबत नव्हती. ती रडायची थांबेना, तसं केतकीला ते न्हाणीघर आठवलं, तो सोडलेला नळ. आणि आवाजानं दार भरून गेलं असताना आत बसलेली ती स्वतः.

ती तशीच कणकेच्या हातांनी बाहेर आली आणि रस्ता ओलांडून अण्णांसमोर उभी राहिली.

"अण्णा, धरा हिला."

"अहो, मी? मला कुठं सवय—"

"धरा म्हणते ना!"

पेपर खाली पडला, रुंजी अण्णांच्या हातात आली. केतकी डबे ओलांडून दारापाशी पोचली. तिनं सवयीनं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.

आत पीठच पीठ होतं, उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारं. दगड रिकामे फिरत होते, जळका वास सुटला होता. पलीकडं, आतल्या खोलीच्या तोंडाशी मालनकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ निळे पडलेले. एका हातानं त्या जमीन थोपटत होत्या, हळूहळू, कुणालातरी बोलावल्यासारख्या. त्यांनी केतकीकडं बघितलं. मग तिच्या पायांकडं. अनवाणी पायांकडं बराच वेळ बघत राहिल्या.

केतकीनं बटण बंद केलं. गिरणी थांबली. आणि त्या शांततेत पहिल्यांदाच तिला काकूंचा श्वास ऐकू आला, चिरक्या शिट्टीसारखा.

"अण्णा! रिक्षा बोलवा! लवकर!"

*

मिरजेत रिक्षातून कुठल्याही दिशेला गेलं तरी दवाखाना लागतोच. काकू वाचल्या. डॉक्टर म्हणाले, क्षय वगैरे काही नाही. आयुष्यभर पिठाची धूळ छातीत गेलीय, दमा झालाय, तो अंगावर काढला. वेळेवर कळलं असतं तर तोंडात मारायच्या औषधाच्या एका फवाऱ्यावर निभावलं असतं.

"आन् असता क्षय तरी काय वो," ऑक्सिजनची नळी बाजूला करून काकू म्हणाल्या, "गोळ्या खाल्ल्या की जातोय. माणसांचं भ्या मातुर जात न्हाई."

नर्सनं नळी परत लावली. "बोलू नका, मावशी."

"वीस-बावीस वर्सं बोलली न्हाई मी. आता बोलू दे की."

खरी अडचण पुढंच होती. काकूंना घरी सोडायचं तर त्यांच्याजवळ कुणीतरी हवं. वेळेवर फवारा घ्यायचा, धाप लागली तर बघायचं. नियम सरळ होता. दिवा मंद असेल त्याच घराला सोबतीण मिळते. आणि काकूंचा दिवा तर सगळ्या प्रभागात सर्वांत उजळ. सोबतीण नाही म्हणजे घरी सोडता येत नाही, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला निवारागृह. गिरणी कायमची बंद.

केतकी, अण्णा आणि नसीमाताई केंद्रात सन्मतीसमोर बसले होते. समोर मोठा पडदा, त्यावर नकाशा. काकूंचा दिवा मंद धरा, एवढंच केतकीचं मागणं होतं.

"माझ्या हातात काही नाही हो," नसीमाताई म्हणाल्या. "मी तीनदा अर्ज केला. संगणक म्हणतो, या दाराला सोबतीची गरज नाही."

"आणि बरोबरच म्हणतो," अण्णा म्हणाले. "केतकी, तू उगीच दिवा मालवायच्या मागं लागू नकोस. गल्लीचं नाव आहे. काकूंकडं माणसांना काय तोटा? मी स्वतः रोज जातो की!"

"अण्णा, काकूंच्या घरात खोल्या किती आहेत?"

"आं?"

"स्वयंपाकघर डावीकडं आहे की उजवीकडं?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

केतकीचं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. आणि तिला आतल्या खोलीच्या तोंडाशी बसलेल्या काकू दिसल्या, तिच्या पायांकडं टक लावून बघणाऱ्या.

"तुमच्या चपला कुठं आहेत अण्णा?"

"बाहेर, दाराशी. तुझ्या आहेत तिथंच. का?"

"आणि गिरणीत?"

"गिरणीत कोण चपला काढतंय!" अण्णा चिडून म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांनी स्वतःच्या अनवाणी पायांकडं बघितलं.

सन्मती खुर्चीतून उठला होता.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. "चपलेचं पाऊल दोनदा वाजतं. एकदा जमिनीवर, एकदा उलटून तळपायाला. अनवाणी पाऊल एकदाच, आणि मऊ. तारेला हा फरक कळतो. आम्ही तो तिला कधी विचारलाच नाही." तो कळफलकाशी वाकला. "आपल्यात कुणाच्या घरी गेलं की माणूस चपला काढतो. म्हणजे आपल्याकडं भेट कशाला म्हणायचं... चपला काढून आलेल्या पावलांना."

पडद्यावर गिरणीचा नकाशा मोठा झाला. कट्ट्यावर ठिपकेच ठिपके, मुंग्यांच्या वारुळासारखे. सन्मतीनं चपलेची पावलं वगळली. कट्टा रिकामा झाला. उंबऱ्याच्या आत एकच बारीक रेघ उरली. खाटेपासून गिरणीच्या दगडापर्यंत, दगडापासून खाटेपर्यंत. मागं, पुढं. तीच पावलं, तेच माणूस, वर्षभराची. जुन्या पावलांचा ठेका हलका होता, अलीकडची घासत पडत होती. तार हे सगळं ऐकत आली होती. तिला कुणी त्याचा अर्थ सांगितला नव्हता.

रेघेच्या टोकाशी, अगदी शेवटी, दुसरी चार-दोन पावलं होती. घाईची, धावत आलेली.

"ही कोण?" नसीमाताईंनी विचारलं.

"मी," केतकी म्हणाली.

सन्मती पुन्हा कळफलकाशी वाकला. त्यानं तोच नियम आख्ख्या गल्लीला लावला. मग प्रभागाला. मग शहराला.

आणि दिवे विझायला लागले.

केतकीनं असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. मोठमोठे दिवे, ज्यांची कुणाला काळजी नव्हती ते. नगरसेवकाचं घर, जिथं सकाळपासून माणसांची रीघ लागते, विझलं. नामांकित सर्जनचा बंगला. खानावळीच्या मालकांचं घर. क्लास घेणाऱ्या बाईंचं, ज्यांच्या व्हरांड्यात संध्याकाळी पोरांचा नुसता गजबजाट. एकेक करत मंदावत गेले, वस्तीच्या वस्ती अंधारली. केतकीनं आपलं घर शोधलं. केंद्रानं तिला दिलेल्या सोबतिणीची मुदत संपल्यापासून तिच्या दारी आलेली पावलं गॅसवाल्याची, कुरियरवाल्याची, भाजीवालीची होती. तिचा दिवा निखाऱ्यासारखा उरला होता.

पण पडदा सगळा काळा झाला नाही. रेल्वेलाइनच्या कडेची पत्र्यांची वस्ती, जी नकाशावर कायम मिणमिणती असायची, ती पेटत गेली. जुना नियम दाराबाहेरचीच पावलं धरायचा; तिथं ना कट्टा, ना व्हरांडा, माणसं एकमेकांच्या घरातून अनवाणीच ये-जा करत होती. ती वस्ती दिवाळीसारखी लखलखली.

"या अल्ला," नसीमाताई पुटपुटल्या. "तिथं माणसं भरपूर आहेत, डॉक्टर नाहीत. इथं डॉक्टर दाराशी आहेत, माणूस नाही. आणि आम्ही सोबतिणी तिकडं पाठवत होतो, औषधं इकडं."

केतकीला वाटलं, आपण एका झोपलेल्या अवाढव्य देहाच्या छातीला कान लावून बसलोय, आणि त्याचं काळीज कुठं धडधडतंय ते आत्ता कळतंय.

अण्णांनी सावकाश विचारलं, "आमचा दिवा कुठला, सन्मती?"

सन्मतीनं दाखवला, विझल्यातच जमा. अण्णा बघत राहिले. मुलगा पुण्यात, सून पुण्यात. "हं," ते म्हणाले. "तरीच रोज कट्ट्यावर येऊन बसतो."

*

नियम बदलायला वेळ लागला, पण बदलला. निधी कुठं जावा, औषधांची गाडी कुठं आणि सोबतीण कुठं, याची सगळी मांडणी नव्यानं झाली. मालनकाकू मात्र त्याआधीच, सन्मतीच्या त्या नकाशाच्या पुराव्यावर, घरी आल्या. त्यांना सोबतीण मिळाली, गिरणीला धूळ ओढणारा पंखा मिळाला, तोंडाला बांधायला जाळीदार मुखवटा मिळाला. मुखवटा घालून त्या म्हणाल्या, "आता मलाच कोण वळकायचं न्हाई."

केतकी रुंजीला घेऊन गेली. दारात चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि काकूंसमोर उभी राहिली. आईचा आवाज अजून कानात होता. भीतीही होती, ती अशी एका दिवसात जाणारी नव्हती. तरी तिनं रुंजीला पुढं केलं. काकूंनी हात पदराला पुसले. पुन्हा पुसले. मग घेतलं.

हळूहळू गल्ली आत यायला लागली. काही प्रेमानं, काही कुतूहलानं, आणि काही, आता खरं सांगायचं तर, दिव्यासाठी. अण्णा पहिल्या दिवशी आले ते अनवाणी पाय दणादण आपटत, तारेला ऐकू जावं म्हणून.

"अण्णा, हळू आपटा," काकू म्हणाल्या. "फरशी फुटंल. मग ती तारंकडनं घिऊ व्हय भरून?"

अण्णा हसले. मग बसले. चहा घेतला. स्वयंपाकघर उजवीकडं होतं.

रुंजी चालायला शिकली ती काकूंच्याच फरशीवर. दगडाच्या बैठकीला धरून उभी राहिली, हात सोडला, आणि गिरणीच्या घरघरीत डुलत डुलत काकूंच्या दिशेनं गेली. त्याच संध्याकाळी सन्मतीचा फोन आला. "केतकीताई, सहज विचारतोय. हळदे गल्लीत एक नवीनच पाऊल ऐकू आलं आज. अगदी हलकं. तार दोनदा म्हणाली, हे काय आहे?"

केतकीनं फोन कानाशी धरूनच खाली फरशीकडं बघितलं. तिच्या पायाखाली, मातीखाली, काचेच्या एका धाग्यानं तिच्या मुलीचं पहिलं पाऊल ऐकलं होतं.

आतलं आपलं आपणच बघायला लागतंय, असं काकू म्हणाल्या होत्या ते अजून खरंच आहे. वरच्या मजल्यावरची पावलं तारेला धड ऐकू येत नाहीत. खाटेवर पडलेल्याची तर येतच नाहीत. आणि तुमच्या गावात ती पोचलीच नसेल. म्हणून केतकीचं तुमच्याकडं एक मागणं आहे. असं एखादं दार तुम्हालाही माहीत असेल, जिथं तुम्ही नेहमी जाता, काही देता, काही घेता आणि बाहेरूनच परतता. इस्त्रीवाल्याचं असेल, शिकवणीच्या बाईंचं असेल, नुकतीच बाळंत होऊन आलेल्या एखाद्या सुनेचं असेल. त्या घरात स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे, सांगता येईल तुम्हाला? नसेल येत, तर हे वाचायचं इथंच ठेवा आणि जाऊन या. दाराशी थोडं थांबा. चपला काढा.